सीमेवर अडते ती फक्त बातमी

माझी एक वही आहे. साधी, शंभर पानी. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारलेली. डावीकडे लिहिलंय 'घडलं', उजवीकडे 'कळलं'. एखादं संकट एका देशात कधी सुरू झालं ते डावीकडे, शेजाऱ्याला त्याचा पत्ता कधी लागला ते उजवीकडे, आणि दोन्हींमधलं अंतर खाली लाल पेनाने. पाहणाऱ्याला हा उद्योग विचित्र वाटतो. मलाही कधीकधी वाटतो. पण याची सुरुवात एका बुटापासून झाली, तर तो बूट आधी.

२८ एप्रिल १९८६, सोमवार. स्वीडनमधल्या फॉर्समार्क अणुवीज केंद्रात सकाळी एक कर्मचारी किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राजवळून गेला आणि यंत्र वाजलं. तो अणुभट्टीच्या भागातून बाहेर येत होता असंही नाही. त्या दिवशी तो अजून तिकडे फिरकलाच नव्हता. यंत्र बिघडलं असेल म्हणून पुन्हा तपासलं, पुन्हा वाजलं. थोड्याच वेळात इतरांच्या बाबतीतही तेच. मग बूट काढून प्रयोगशाळेत नेला, तर तळव्याला किरणोत्सारी कण चिकटलेले. आपलंच केंद्र गळतंय या धास्तीने माणसं बाहेर काढली गेली. वाऱ्याच्या दिशा मांडून पाहिल्यावर उलगडा झाला: हे आतून आलेलं नाही, बाहेरच्या ओल्या जमिनीवरून बुटाला लागून आत आलंय, आणि तिथे ते आग्नेयेकडून, वाऱ्यापावसाबरोबर पोचलंय. सुमारे अकराशे किलोमीटरवर, चेर्नोबिल अणुवीज केंद्राचा चौथ्या क्रमांकाचा संच २६ तारखेच्या पहाटे १ वाजून २३ मिनिटांनी फुटला होता. सोव्हिएत सरकार त्याबद्दल जाहीरपणे बोललं ते २८ च्या रात्री, टीव्हीच्या बातम्यांत, मोजून चारपाच वाक्यं.

म्हणजे ढग आधी पोचला, निवेदन नंतर. हे वाचलं त्या दिवशी मी वहीत पहिली ओळ लिहिली.

शाळेत नकाशे भरताना सीमारेषा गडद काढायची असते आणि रंग तिच्या बाहेर जाऊ द्यायचा नसतो. माझा नेहमी जायचा. रंगकांडी थोडी जोरात दाबली की शेजारच्या देशात हिरवा ओघळ, आणि बाईंच्या लाल पेनाचा गोल. त्या गोलामुळे असेल, पण सीमा म्हणजे काहीतरी जाड, न झिरपणारी गोष्ट हा समज फार वर्षं टिकला. पुढे कधीतरी अंतराळ स्थानकातून रात्री टिपलेली भारत–पाकिस्तान सीमेची छायाचित्रं पाहिली. अंधारात एक नारिंगी रेघ, मैलोन् मैल. कुंपणावरच्या दिव्यांची. माणसाने आखलेली सीमा अवकाशातून रात्रीसुद्धा अशी उठून दिसावी, हे जगात फार थोड्या ठिकाणी घडतं. ते चित्र मी बराच काळ संगणकाच्या पडद्यावर ठेवलं होतं. हळूहळू लक्षात आलं की हा सगळा उजेड दोन पायांवर चालणाऱ्यासाठी आहे. धूर, विषाणू, पूर, टोळ, चोरीच्या पैशाचा हुकूम यांना तो दिसतही नाही. त्या रेघेवर हमखास अडते अशी एकच गोष्ट मला सापडली, ती म्हणजे खबर.

प्रादेशिक सुरक्षेवरच्या लिखाणात या सगळ्याला 'अपारंपरिक धोके' म्हणतात. नाव जरा हास्यास्पद आहे. साथीचे रोग आणि टोळधाडी हे तोफखान्याहून किती जुने! परंपरा मोजायचीच तर रणगाडा नवखा. पण हा शब्द आला तो सरकारी विचारांच्या परंपरेतून, जिथे सुरक्षा म्हणजे सैन्य असा हिशेब ठरलेला होता. १९९४ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालाने 'मानवी सुरक्षा' ही कल्पना ठळकपणे मांडली: अन्न, आरोग्य, पर्यावरण हीसुद्धा सुरक्षाच. १० जानेवारी २००० रोजी सुरक्षा परिषदेने एड्सवर चर्चा केली. एखादा आजार हा जगाच्या शांततेला धोका आहे, म्हणून परिषदेत विषय यावा, हे तोवर झालं नव्हतं.

हे चांगलंच झालं, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. एखाद्या प्रश्नाला 'सुरक्षेचा प्रश्न' म्हटलं की त्याला पैसा मिळतो, मंत्री बैठकीला येतात. आता मला तितकी खात्री नाही. कारण सुरक्षेचा शिक्का बसला की त्याच्यामागोमाग दुसरा शिक्का येतो: गोपनीय. आणि माझ्या वहीतलं लाल अंतर वाढतं ते नेमकं त्या दुसऱ्या शिक्क्यामुळे.

नद्यांचंच घ्या. ९ एप्रिल २००० रोजी तिबेटात यिगाँग नदीवर प्रचंड दरड कोसळली. नदी अडली, मागे तळं साचत गेलं. दोन महिने साचत होतं. १० जूनला तो नैसर्गिक बांध फुटला आणि ते पाणी यारलुंग त्सांगपोच्या, म्हणजे ब्रह्मपुत्रेच्या तिबेटातल्या प्रवाहाच्या, घळीतून खाली, अरुणाचलातल्या सियांगमध्ये उतरलं. पूल गेले, माणसं गेली, हजारो बेघर झाले. दोन महिने! ढगफुटीला निदान 'अचानक' म्हणायची सोय असते. इथे तळं सावकाश, दिवसागणिक चढत होतं, वरच्या अंगाला लोक ते फोडून काढायला चर खणत होते, आणि खालच्या अंगाला सियांगकाठी रोजचे व्यवहार चालू होते. त्यानंतर २००२ साली भारत आणि चीन यांच्यात सामंजस्य करार झाला. पावसाळ्यात तिबेटातल्या तीन केंद्रांवरची पाण्याची पातळी, विसर्ग आणि पाऊस यांचे आकडे चीनने भारताला कळवायचे. २०१७ मध्ये डोकलामला सैन्यं समोरासमोर उभी राहिली आणि त्या पावसाळ्यात आकडे आले नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा सुरू झाले.

इथपर्यंत वाचून शेजाऱ्याला चार शब्द सुनावणं सोपं आहे. पण आपल्या अंगणात काय आहे? सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा या खोऱ्यांमधले प्रवाहाचे आकडे आपल्याकडेही गोपनीय वर्गातच मोडतात. अभ्यासकाला हवे असतील तर परवानग्यांची शिडी चढावी लागते. कारण कळण्यासारखं आहे. उद्या वाटपाच्या बोलणीत समोरचा आपलेच आकडे आपल्यावर उलटवेल. ही भीती मी निव्वळ खुळी म्हणणार नाही. पाण्याचा आकडा हा वाटाघाटीच्या टेबलावर पत्ताच असतो, आणि पत्ते कुणी उघडे टाकून खेळत नाही. अडचण एवढीच की पुराच्या रात्री तोच पत्ता लोकांना जागं करायचा भोंगा असतो. एकाच आकड्याची ही दोन कामं आहेत आणि पहिल्यासाठी तो कुलपात ठेवला की दुसऱ्या वेळी किल्ली शोधण्यात रात्र जाते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशच्या फेनी भागात पूर आला. त्रिपुरातल्या डुंबूर धरणाचे दरवाजे भारताने मुद्दाम उघडले अशी ओरड तिथे उठली. भारताने ते नाकारलं. धरणाखालच्या पाणलोटात पडलेल्या पावसाचा हा पूर आहे, असं परराष्ट्र खात्याने २२ तारखेला सांगितलं. त्याच निवेदनात एक बारीक तपशील होता, त्यावर फारसं कुणी बोललं नाही. आदल्या दिवशी दुपारी ३ पर्यंत वाढत्या पातळीचे आकडे बांगलादेशला पाठवले होते. संध्याकाळी ६ वाजता पुरामुळे वीज गेली आणि संपर्कात अडथळे आले. मी तो परिच्छेद तीनदा वाचला. पाणी सर्वांत जोरात असताना तार गप्प. त्या पोकळीत मग दुसरी बातमी शिरली, जिला विजेची गरज नसते. ज्या दोन देशांमध्ये आकडे वर्षभर उघडपणे जातयेत राहतात, तिथे एका रात्रीच्या खंडाला लोक खंड म्हणतात. जिथे नाही, तिथे कट म्हणतात.

पैशांच्या चोरीतही हेच दिसेल असं मला वाटलं नव्हतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या संगणकांत शिरलेल्या चोरांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला तिच्या नावाने हुकूम धाडले: आमच्या खात्यातून इतके पैसे अमुक ठिकाणी पाठवा. मागणी सुमारे ९५ कोटी डॉलरची होती. बहुतेक हुकूम अडले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी एका शब्दाच्या चुकीमुळे परत आले. 'फाउंडेशन'चं स्पेलिंग चोरांना जमलं नाही. ८ कोटी १० लाख डॉलर मात्र मनिलाला पोचले आणि तिथल्या कॅसिनोंमध्ये मुरले.

या प्रकरणातली मला सर्वांत आवडती वस्तू म्हणजे प्रिंटर. बँकेच्या व्यवहारांचे संदेश आपोआप छापणारा एक प्रिंटर होता. शुक्रवारी सकाळी तो बंद दिसला. प्रिंटर बंद पडणं ही काय बातमी आहे? जगातल्या प्रत्येक कचेरीतला प्रिंटर आठवड्यातून एकदा रुसतोच. शुक्रवार, बांगलादेशात सुट्टी. शनिवारी तो कसाबसा चालू केला तेव्हा न्यूयॉर्ककडून आलेल्या शंका बाहेर पडल्या; पण आता तिकडे शनिवार–रविवार. सोमवारी न्यूयॉर्क उघडलं तर मनिलात चिनी नववर्षाची सुट्टी. चोरांनी तीन देशांची पंचांगं शेजारी ठेवून दिवस निवडला होता. ज्यांच्यावर पहारा सोपवलेला होता त्यांनी तो विचार कधी केला नसावा.

आणि आता उजवा रकाना. 'घडलं' मध्ये ४ फेब्रुवारी. 'कळलं' मध्ये मी काय लिहावं यावर अडले, कारण बँकेला दोन दिवसांत कळलं, पण देशाच्या अर्थमंत्र्यांना कळायला जवळपास महिना गेला, तेही फिलिपिन्समध्ये बातमी फुटल्यावर. पैसे परत मिळवण्याची खटपट गुपचूप चालू होती, बोभाटा झाला तर चोर सावध होतील, असा विचार त्यामागे होता. मार्चच्या मध्याला गव्हर्नरांनी राजीनामा दिला. त्या ओळीत मी उजवा रकाना दोनदा भरलाय. एका देशाच्या आतही सीमा असतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कागदावर दिसलं.

सार्स या श्वसनाच्या साथीबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २००२ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात रुग्ण दिसू लागले, जागतिक आरोग्य संघटनेला अधिकृत कळवलं गेलं ते फेब्रुवारीत, आणि त्याच महिन्यात हाँगकाँगच्या एका हॉटेलात उतरलेल्या एका आजारी पाहुण्यापासून तो आजार सिंगापूर, हनोई, टोरांटोला गेला. त्यातून २००५ चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम आले: गंभीर घटनेची शक्यता दिसली की २४ तासांत कळवा. त्यातलं मला महत्त्वाचं वाटणारं कलम वेगळं आहे. सरकार गप्प असेल तर संघटना वर्तमानपत्रं, डॉक्टर, कुणाच्याही सांगण्याची दखल घेऊन त्या सरकारला विचारू शकते. म्हणजे जगाने मान्य केलं की सरकारं गप्प बसतात.

का बसतात, याचंही उत्तर माझ्या वहीत आहे आणि ते सरकारांच्या बाजूचं आहे. नोव्हेंबर २०२१. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी कोरोनाचा नवा उत्परिवर्तित प्रकार ओळखला आणि लगेच जगाला सांगितला. त्याला पुढे ओमायक्रॉन नाव मिळालं. इतकं कमी लाल अंतर माझ्या वहीत क्वचितच आहे. त्यावर जगाने काय केलं? दिवस उलटायच्या आत त्यांची विमानं बंद करायला सुरुवात केली. वर्गात खरं बोलणाऱ्या पोरालाच अंगठे धरून उभं करावं तसं. पुढच्या वेळी कुठल्याही देशाचा आरोग्यमंत्री अहवालावर सही करण्याआधी पर्यटन खात्याला फोन करील, आणि मी त्याला दोष देताना जरा अडखळेन.

हिंद महासागराची त्सुनामी या सगळ्यांत वेगळी. तिथे कुणी काही लपवलं नव्हतं. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ भूकंप झाला आणि सुमारे पाव तासात हवाईतल्या प्रशांत महासागराच्या इशारा केंद्राने पहिलं पत्रक काढलं. प्रशांत महासागरासाठी. हिंद महासागराच्या काठावर असं केंद्र नव्हतं आणि कोणत्या देशात कुणाला उठवायचं याची यादीही नव्हती. सुमात्राच्याच अचेह प्रांतात लाट विसाएक मिनिटांतच पोचली, तिथे कुणाचंच काही चाललं नसतं. पण श्रीलंका आणि भारताच्या किनाऱ्याला सुमारे दोन तास होते. सोमालियाला सात. सात तासांनंतरही सोमालियात शेकडो माणसं मेली. शेजारच्या केनियात टीव्हीवरच्या बातम्या पाहून अधिकाऱ्यांनी किनारे रिकामे केले, तिथे एक मृत्यू झाला. वहीच्या या पानावर मी काहीच टिप्पणी लिहिलेली नाही. दोन देश, एक लाट, आणि मध्ये एक टीव्ही संच.

टोळांपाशी मात्र मी हवी तेवढी रेंगाळते, कारण तिथे वेगळंच चित्र आहे. वाळवंटी टोळ एकटा असतो तेव्हा भित्रा, मातकट रंगाचा, आपल्या वाटेने जाणारा. पाऊस पडला, हिरवळ आली, आणि ती आटताना सगळे उरल्यासुरल्या झुडपांवर दाटीने जमले की त्यांचे मागचे पाय एकमेकांना घासू लागतात. त्या स्पर्शाने त्यांच्या शरीरात सेरोटोनिन नावाचं रसायन वाढतं आणि काही तासांत तो एकलकोंडा किडा गर्दीकडे ओढला जाऊ लागतो. पुढच्या पिढ्यांत रंग बदलतो, थवे होतात. एका चौरस किलोमीटरच्या थव्यात ४ ते ८ कोटी टोळ मावतात. एवढा थवा एका दिवसात सुमारे ३५ हजार माणसांइतकं खातो आणि वारा मिळाला तर दीडशे किलोमीटर कापतो.

मे आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन चक्रीवादळांनी अरबस्तानाच्या 'रिकाम्या चतुर्थांशात', रुब अल खाली या वाळवंटात, पाऊस पाडला. जिथे माणूसही जात नाही तिथे वाळूत तळी साचली आणि नऊ महिन्यांत टोळांच्या तीन पिढ्या कुणाच्या नजरेस न पडता वाढल्या. मग ते येमेनमध्ये उतरले. तिथे युद्ध. पाहणी कोण करणार, फवारणी कोण करणार? तिथून आफ्रिकेचं शिंग म्हणजे सोमालियाकडचं टोक, केनिया, आणि दुसरीकडे इराण, पाकिस्तान, भारत. केनियाने सत्तर वर्षांत असं पाहिलं नव्हतं. ज्या युद्धाकडे सगळं जग लष्करी नकाशावर बघत होतं, त्याचं एक टोक हजारो किलोमीटरवरच्या ज्वारीच्या शेतात निघालं.

टोळाची गंमत ही की त्याला पंख फुटायच्या आत गाठावं लागतं. पिल्लं जमिनीवर उड्या मारत चालतात तोवर थोडक्यात काम होतं. पंख फुटले की मागे धावणं आलं. आणि पिल्लं असतात शेजाऱ्याच्या वाळूत. तुमचं पीक वाचवणारी खबर त्याच्या शिवारात असते. म्हणून भारत आणि पाकिस्तानचे टोळनियंत्रण अधिकारी कित्येक वर्षं जून ते नोव्हेंबर महिन्यातून एकदा सीमेवर भेटत आले आहेत, कधी इकडे मुनाबावला, कधी तिकडे खोखरापारला. कुठे किती टोळ दिसले, पाऊस किती झाला, अंडी कुठे घातली. तिथे काश्मीर निघत नाही. फोटो छापून येत नाहीत. २०२० मध्ये सगळी दारं बंद असताना याच दोन देशांची माणसं अन्न व कृषी संघटनेच्या मध्यस्थीने संगणकाच्या पडद्यावर बोलत राहिली. मला नेहमी वाटतं की त्या बैठकीच्या खोलीत एखाद्या कोपऱ्यात बसायला मिळावं. काय बोलत असतील ते चहा येईपर्यंत? बहुधा पावसाबद्दलच.

हे चालतं कारण टोळाला अजून कुणी सुरक्षेचा विषय केलेला नाही, असा माझा तर्क आहे. खातं कृषीचं, माणसं कीटकशास्त्राची. उद्या कुणी त्यांच्या फायलीवर दुसरा शिक्का मारला तर पहिली बंद होईल ती ही बैठक.

तर्काला छेद देणारी एक नोंद मात्र अलीकडेच करावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने १९६० चा सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवला. त्यात कळवाकळवीची बांधिलकीही थांबली. मे महिन्यात दोन्ही देशांत क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडाले. आणि ऑगस्टच्या २४ तारखेला, जम्मूत तावी नदी फुगत असताना, इस्लामाबादच्या भारतीय उच्चायुक्तालयातून पाकिस्तानला निरोप गेला: मोठ्या पुराची शक्यता आहे. माणुसकीच्या भूमिकेतून, असं सांगून. पाकिस्तानने निरोप घेतला, सखल भागांतली माणसं हलवायला सुरुवात केली, आणि शिवाय तक्रारही नोंदवली की हे त्याच करारातल्या सिंधू आयोगामार्फत यायला हवं होतं.

ती तक्रार वाचून मला हसू आलं. मग वही काढली. पान सवयीने आखलेलं होतं, डावीकडे घडलं, उजवीकडे कळलं. उजवीकडे २४ तारीख लिहिली. डावीकडे पुराच्या दिवसाची लिहायला गेले तर ती नंतरची निघाली. लाल पेन तसंच हातात राहिलं.